पाठ बरी होईपर्यंत

माझ्या भावाला सगळे खिळे म्हणतात. आडनाव नव्हे, धंद्यामुळे चिकटलेलं नाव. सोफ्यांना, खुर्च्यांना कापड चढवायचं काम त्याचं. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवणार कुठे? तोंडात. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे आणि जिभेनं एकेक ओठांपर्यंत सरकवायचा. जन्मभर हेच केल्यावर माणूस बोलणार काय आणि कधी? जेवायच्या सुट्टीत जे काही बोलून होईल तेवढंच. मी त्याची थोरली बहीण, आणि बरोबर उलटी. बसमध्ये कंडक्टर होते मी. 'पुढे सरका, पुढे जागा आहे' असं दिवसभर ओरडून घसा असा तयार झालाय की निवृत्त झाले तरी तो काही निवृत्त व्हायला तयार नाही. आमची आई म्हणायची, दोघांच्या वाट्याचं बोलणं एकटीनंच उचललं या कार्टीनं.

त्याची बायको त्याच कारखान्यात शिलाईवर होती. गादीच्या कडेनं गोल दोरी घातलेली शिवण असते ना, ती तिच्यासारखी सरळ कोणाची यायची नाही. कारखान्यात सगळे त्याला खिळे म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची, आणि लग्नानंतरही तिनं ते सोडलं नाही. "अहो खिळे, चहा निवतोय." नवऱ्याला अशी हाक मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर कानाला सवय झाली, आणि मग कधीतरी मीही त्याला खिळेच म्हणायला लागले.

चाळिशी उलटली नाही तोच माझ्या भावजयीचे पाय जायला लागले. आधी शिलाई मशीनच्या पायडलवरचा जोर गेला, मग जिन्यात ठेचकाळणं, मग काठी, मग चाकाची खुर्ची. मज्जातंतूंचा आजार आहे, याला औषध नाही, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. हात मात्र तिचे धडधाकट राहिले, आणि जीभही. मूलबाळ नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हापासून तिला बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून खिडकीशी, सगळीकडे नेणारा एकच माणूस, माझा भाऊ. रविवारी तर पाठीवर घेऊन दोन जिने उतरायचा आणि कोपऱ्यावरच्या बाकावर नेऊन बसवायचा. जाणारे-येणारे बघायचे. बघेनात का.

पण घरातल्या घरात त्यांची एक वेगळीच रीत होती. तो तिला बिछान्याच्या कडेला बसवायचा, काखेत हात घालून उभी करायचा आणि तिची पावलं आपल्या पावलांवर ठेवून घ्यायचा. ती त्याच्या गळ्यात हात टाकायची. मग तो पाठमोरा एकेक पाऊल मागे सरकायचा, आणि त्याच्याबरोबर तिची पावलंही पडायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दारातच थबकले. "बघताय काय अक्का," ती म्हणाली, "चालतेय मी. फक्त पाय खिळेंचे आहेत." त्या घरात त्याला चालणंच म्हणायचे. आजार-बिजार सगळा एकीकडे, आणि सकाळचं ते खिडकीपर्यंतचं चालणं एकीकडे. तेवढ्यावर ती बाई दिवस काढायची. आणि खरं सांगायचं तर तोही.

मग त्याची पाठ गेली. एकदम नाही, आणि त्यानंही कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. कारखान्यात वाकला की सरळ होताना टेबलाची कड धरायला लागला. डाव्या पायात कळ उतरायला लागली, तरी गप्प. एक दिवस मोठ्या सोफ्याखाली स्प्रिंगांना आधार देणारे पट्टे मारताना तिथेच अडकला, धड उठता येईना ना बसता. चौघांनी धरून बाहेर काढला. मणक्यांमधली चकती सरकून नस दबली होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं, खालचे दोन मणके सळ्या आणि स्क्रू घालून जोडायचे.

मला फोन भावजयीनं केला. "अक्का, चार दिवस याल का?" मी पिशवीत चार साड्या भरल्या आणि गेले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

ऑपरेशन झालं, शुद्धीवर आला, आणि पहिला शब्द काय बोलला? "तिला कोण नेतंय?" आई गं, म्हटलं, स्वतःच्या अंगाला नळ्या लावल्यात आणि याला तिची पडलीय. मी म्हटलं, "मी आहे आणि मदतीला एक बाई ठेवलीय. तू गप्प पड." तसा गप्प पडायला तो पहिल्यापासून हुशारच.

ती मदतीची बाई चांगली होती, अंगानं दणकट होती, कामात चोख होती. पण माझी भावजय परक्या हातात लाकडासारखी ताठ व्हायची. मुद्दाम नाही हो, तिच्या हातात नव्हतं ते. अंगच आखडायचं. ताठ झालेलं माणूस उचलणं म्हणजे काय असतं ते उचलणाऱ्यालाच विचारा. दंडावर काळेनिळे डाग पडले तिच्या. तक्रार म्हणून नाही केली. "होईल सवय," म्हणायची, आणि खिडकीपासून लांब त्या खुर्चीत बसून राहायची.

तो घरी आला आणि त्या दोन खोल्यांत दोन आजारी आणि एक मी. ओंडका गडगडावा तसं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, मग हातावर जोर देऊन उठायचं, अशी त्याला शिकवण होती. वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, काही उचलायचं नाही. कमरेला पुठ्ठ्यासारखा कडक पट्टा. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट असं धरलं की विचारू नका, दिवसेंदिवस साफ व्हायचं नाही. सकाळी उठल्यापासून माझा पहिला प्रश्न तोच, आणि तो मान हलवायचा, आणि ती पलीकडून म्हणायची, "अक्का, तिकिटं फाडल्यासारखं रोज काय विचारता त्यांना?" हसायचो. तेव्हा हसत होतो आम्ही.

जखम भरत आली असं वाटत असतानाच पट्ट्याखाली ओल दिसायला लागली. आधी म्हटलं घाम असेल. मग ताप भरला. परत दवाखाना, परत जखम उघडून धुतली, परत सुया. त्याला गाडीत घालताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "परत?" एवढंच. मला त्या एका शब्दानं भडभडून आलं.

त्यातूनही निभावलं. ताप गेला, जखम सुकली, काठी घेऊन जिना उतरायला लागला, कोपऱ्यापर्यंत जायला लागला. व्यायाम शिकवायला एक बाई येत, त्याही खूश होत्या. माझा भाऊ सांगितलेलं सगळं ऐकत होता. तिला पाठीवर घेणं बंद म्हणजे बंद. पाण्याची बादली नाही, भाजीची पिशवी नाही. शेजाऱ्यांनी खुर्ची जरा सरकवून द्या म्हटलं तर चिमटा दाखवायचा. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, असा गुणी पेशंट शोधून सापडायचा नाही म्हणून.

आणि मग पाठ पुन्हा दुखायला लागली. आधीपेक्षा जास्त. बसलं तरी दुखायची, पडलं तरी. डॉक्टरांनी फोटो काढला आणि प्रकाशापुढे धरून बराच वेळ बघत राहिले. एक स्क्रू हलला होता, हाडात ढिला झाला होता.

"काही जड उचललंत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

"आठवून सांगा."

मी मध्ये पडले. "अहो डॉक्टर, रुमाल पडला तर चिमट्यानं उचलतो हा. मी साक्षीला आहे."

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, कोणाचा दोष नसतो. पुन्हा उघडावं लागेल. येताना टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी देवाला शिव्या घालत होते.

घरी आले आणि भावजयीला सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. डॉक्टरांनी काय विचारलं, यानं काय सांगितलं, मी काय सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं दुसऱ्या ऑपरेशनच्या धास्तीनं. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "अहो खिळे, तुम्ही चालण्याचं सांगितलं नाहीत?"

"कुठलं चालणं?" मी विचारलं.

तिनं आपली खुर्ची माझ्याकडे वळवली.

"अक्का, तुम्ही सकाळी दूध आणायला जाता ना," ती म्हणाली, "तेव्हा हे मला खिडकीपर्यंत चालवतात."

मी त्याच्याकडे वळले. माझा आवाज तळमजल्यापर्यंत गेला असणार. "अरे, डॉक्टरांनी दोनदा विचारलं तुला! माझ्यासमोर विचारलं!"

आणि तो माझ्याकडे असा बघत होता की याला खरोखरच कळत नाहीये. खोटं बोलताना सापडलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो, हजारो विनातिकीट पकडलेत मी. हा तसा नव्हता. "ते उचलणं कुठंय अक्का?" तो म्हणाला. "ती उभी असते. तिची पावलं टेकलेली असतात."

"कशावर टेकलेली असतात रे शहाण्या? तुझ्यावर!"

त्यानं खाली आपल्या पावलांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती दोघं त्याला चालणं म्हणत आली होती, की तिचं सगळं वजन आपल्या कमरेवर येतं हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बाकीचं सगळं त्यानं सोडलं, रविवारसुद्धा सोडला. हे सोडलं नाही, कारण हे सोडायच्या यादीत येतं असं त्याला वाटलंच नाही. मला खूप बोलायचं होतं. तो भिंतीला धरून आत जाऊन पडला आणि ती खुर्चीत तोंड फिरवून बसली, तेव्हा मी आपली स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं झालं. त्यातून उठला तो डावं पाऊल लुळं घेऊन. टाच टेकायची, पण चवडा वर व्हायचा नाही, जमिनीवरून घासत जायचा. नसेला मार बसलाय, परत येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि या वेळी, चालण्याचं माझ्याकडून कळल्यावर, त्यांनी मला आणि त्याला समोर बसवून सांगितलं, की तिसऱ्यांदा स्क्रू धरायला हाडच उरणार नाही. तिला चालवायचं नाही. कधीच नाही. तो मान हलवत होता.

घरी आल्यावर पहिले काही दिवस दोघंही शहाण्यासारखी वागली. मग मला दिसायला लागलं की भावजय ताटात टाकतेय. आधी भात टाकला, मग पोळी अर्धी केली, मग रात्रीचं 'नको, भूक नाही'. मला झोंबलं. मी तिच्या आवडीचं करतेय, निवडून-टिपून करतेय, आणि ही बाई ताट परत पाठवतेय! एक दिवस बोललेच. "माझ्या हातचं गोड लागत नसेल तर सांग, खानावळीचा डबा लावते." ती नुसती हसली. मग मदतीची बाई एकदा तिला खुर्चीतून उठवता उठवता बोलून गेली, "बाई आता किती हलक्या झाल्यात, माझ्या एकटीला जमतं." तिला बिचारीला ते कौतुकाचं वाटलं. मी भावजयीकडे पाहिलं आणि तिनं नजर चुकवली, आणि ही मुद्दाम उपाशी राहतेय हे मला कळलं.

तो खाली फेरी मारायला गेल्यावर मी तिच्यासमोर ठाण मांडून बसले. "बोल."

"काय बोलू?"

"उपाशी का राहतेस?"

तिनं साडीचा काठ सारखा केला. "त्यांचे हात थांबणार नाहीत, अक्का," ती म्हणाली. "तुम्ही खूप ओरडा, डॉक्टर कितीही सांगू देत. मी जराशी घसरले तरी ते धावणार. मग निदान माझं वजन तरी कमी असू दे."

मी तिला काय नाही ते बोलले. मूर्ख, हट्टी, सगळं. आणि बोलता बोलता माझंच तोंड वाकडं झालं, रडायला लागले, आणि तिनंच मला जवळ घेतलं. मग मी त्याला सांगितलं. चहाडी म्हणा हवं तर. तो ऐकून तिच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसला, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि तिला भरवायला लागला. तिला हातांनी जेवता येत होतं, तरी भरवत होता. ठरलं असं की तिनं जेवायचं आणि त्यानं हात लावायचा नाही. दोघांनी माझ्या देखत कबूल केलं, आणि मी वेडी विश्वासले.

मग एके दिवशी बाजारातून परत आले. मदतीच्या बाईची सुट्टी होती. दार ढकललं तर दोघंही जमिनीवर. ती खुर्चीतून पुढे घसरली होती, आणि तो तिच्या काखेत हात घालून उठवायला गेला होता. लुळं पाऊल वळलं आणि खाली आला. उताणा पडला होता, छताकडे बघत. तिनं सरपटत जाऊन खुर्चीतली गादी काढली होती आणि त्याच्या डोक्याखाली सरकवली होती. त्याचा हात तिनं आपल्या पोटावर धरून ठेवला होता, परत कुठे जाऊ नये म्हणून.

"लागलं का?" मी किंचाळले.

"नाही," तो म्हणाला.

"खरं सांगा," ती म्हणाली.

"थोडं."

शेजारच्या दोघांना बोलावून उठवलं त्यांना. या वेळी स्क्रू जागच्या जागी राहिले, नशीब म्हणायचं. नवीन फोटो बघून डॉक्टरांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले. त्या दिवशी घरी येऊन मी भावजयीला सांगितलं, या वेळी वाचला. ती म्हणाली, "अक्का, मला फोन लावून द्या." गावाच्या दुसऱ्या टोकाला चालता न येणाऱ्यांची एक संस्था आहे, तिथली परिचारिका तिच्या ओळखीची होती. ती माझ्यासमोर बोलली, शांतपणे, कापडाचं माप सांगावं तसं. मग त्याला हाक मारली.

"अहो खिळे, मी थोडे दिवस संस्थेत जाऊन राहते."

"नाही," तो म्हणाला.

"ऐका तरी."

"नाही म्हणजे नाही." मी त्याला एवढ्या मोठ्यानं बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. "मी हात लावणार नाही. शपथ घेतो. तू इथेच राहा."

"तुमची पाठ बरी होईपर्यंत," ती म्हणाली. "मग न्यायला या. तिथे दोऱ्यांचं यंत्र आहे, त्यात बसवून उचलतात, कोणाची पाठ मोडत नाही. तुम्ही व्यायाम करा, नीट व्हा, आणि या. मी वाट बघते."

बरी होईपर्यंत, या शब्दांवर तो थांबला. त्याला काहीतरी करायला मिळालं. "किती दिवस लागतील?" त्यानं मला विचारलं, जणू मी डॉक्टर.

"तुझ्यावर आहे," मी म्हटलं. मलाही तेव्हा खरंच वाटत होतं.

ती गेली त्या दिवशी दोन माणसांनी तिला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. ताठ झाली होती, दोन्ही हात खुर्चीला आवळलेले. तरी वळणावर मला म्हणाली, "अक्का, ओरडा की जरा, पुढे सरका म्हणून." तो वरच्या पायरीवर कठडा धरून उभा होता. खाली गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला तरी तो तिथेच उभा राहिला.

मग त्यानं जे व्यायाम सुरू केले! व्यायामाच्या बाईंनी सांगितलं त्याच्या दुप्पट करायला जायचा, त्या रागवायच्या. उताणं पडून पोट आत ओढायचं, गुडघे वाकवून कंबर उचलायची, लुळ्या पावलाला रबरी पट्टा अडकवून चवडा वर ओढायचा. चवडा हलायचा नाही, तो ओढत राहायचा. घामाघूम व्हायचा. पहिल्यांदा अंगठा किंचित वर झाला त्या दिवशी त्यानं मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि पुन्हा करून दाखवला. मी पोळी तव्यावर करपवली.

आम्ही दोघं तिला भेटायला गेलो. संस्था वाईट नाही, स्वच्छ आहे, मोठ्या खिडक्या आहेत. ती खिडकीशी बसली होती आणि गाल भरले होते तिचे. त्यानं तिला आधी पायाचा अंगठा वर करून दाखवला. तिनं टाळ्या वाजवल्या. त्या खोलीत कोपऱ्यात एक फाटकी आरामखुर्ची होती, तिच्या बसायच्या जागेतून स्प्रिंग वर आली होती. त्याला ती बघवेना. काठी टेकत त्या खुर्चीशी गेला आणि वीत लावून मापं घ्यायला लागला, तिथल्या परिचारिकेला काही विचारायला लागला.

तो लांब गेलाय हे पाहून भावजयीनं माझं मनगट धरलं. "अक्का, एक सांगते. ओरडायचं नाही."

"ओरडायला मी काय वेडी आहे?"

"मी इथे कायमची आलेय. इथल्या लोकांनाही तसंच सांगितलंय. मी परत येणार नाही."

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो.

"तुम्ही बघितलंत ना," ती हळू बोलत होती. "मी घरी असले की ते उचलणार. आज नाही तर उद्या. आणि मग तिसरं ऑपरेशन, मग तेही खुर्चीत. मी घरी नकोच. पण मी येणार नाही हे कळलं, तर ते व्यायाम करतील का? तुम्हीच सांगा, बिछान्यातून उठतील का तरी?"

मला उत्तर माहीत होतं. "आणि तू?" मी विचारलं. "तुझं काय?"

"मला इथे उचलतात यंत्रानं. आता ताठ होत नाही मी, यंत्राला काय लाजायचं?" ती हसली, पण डोळे भरले होते. "सकाळी खिडकीशी आणून ठेवतात. फक्त पावलं लोंबत असतात, कशाला टेकत नाहीत. त्याची सवय व्हायचीय."

"अगं, कधीतरी कळेलच ना त्याला!"

"कळू दे. आधी धड चालायला लागू दे. मग मी सांगेन, माझ्या तोंडानं. तोवर तुम्ही गप्प बसायचं. जन्मात जमलं नाही ते आता जमवा, माझ्यासाठी."

तो परत आला. चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी कामाची कळा होती. म्हणाला, "फक्त पट्टे सैल झालेत. बसून करता येईल मला." आणि तिला म्हणाला, "आता फार दिवस नाहीत."

"मी कुठे पळून चाललेय," ती म्हणाली. "सावकाश."

बसमध्ये त्याला खिडकीशी बसवलं. मी गप्प होते. त्याच्या लक्षात आलं, कोणाच्याही येईल. "दमलीस?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

आता घर त्यानं बदलायला घेतलंय. हातानं काही उचलत नाही, शेजारच्यांना सांगतो आणि ते करतात. न्हाणीघरात भिंतीला दांडा लावून घेतला, बिछाना खिडकीशी आणला, म्हणजे तिला पडल्या पडल्या रस्ता दिसेल. तिच्यासाठी नवी गादी शिवतोय, बसून, थोडी थोडी. कडेची शिवण तिच्यासारखी येत नाही म्हणून उसवतो आणि पुन्हा घालतो. सकाळी व्यायामाला चटईवर आडवा होतो आणि मी शेजारी स्टुलावर बसते. आणि हा माझा भाऊ, ज्यानं जन्मात कधी दोन वाक्यं सलग बोलली नाहीत, तो बोलत असतो. ती आली की लगेच चालवायचं नाही. आधी थांबायचं. मग डॉक्टरांना विचारायचं, या वेळी अगदी नीट विचारायचं, पावलं कशावर टेकतात तेसुद्धा सांगायचं. ते नको म्हणाले तर नको. नुसती खिडकीशी बसली तरी पुरे. यंत्र घरी बसवता येतं का तेही विचारू. हो ना अक्का?

मी हो म्हणते.

चवडा आता बराच वर येतो. तो मान उचलून त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

"जमतंय ना?"

"जमतंय," मी म्हणते. "अजून एकदा कर."